माघारी फिरणारी नस

रेहाना, गेल्या आठवड्यात प्रकाशकांचा पुन्हा फोन आला होता. फार सभ्य माणूस, त्यामुळे रागावताही येत नाही. आधी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले, मग थोडे थांबले आणि मग म्हणाले, घाई मुळीच नाही, फक्त पुस्तकाचं शेवटचं पान कधीपर्यंत येईल तेवढं कळलं तर बरं. मी म्हटलं, बघते. हल्ली मी सगळ्यांना 'बघते' म्हणते. सुनेला, दूधवाल्याला, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही. बघत काहीच नाही, नुसती बसून असते.

दमलेय मी. तुझ्या आजारपणात विश्रांतवाडीहून बिबवेवाडीला ज्या फेऱ्या झाल्या, त्यांचा शीण अजून अंगात आहे. आता तिकडे जायचं कारण उरलं नाही, तरी सकाळी आवरून झालं की मी चपला घालते आणि मग दारातच आठवतं. भेटायला येणारे 'सुटली बिचारी' म्हणतात. मी मान हलवते, कारण वाद घालायची ताकद नाही. पण तू सुटायला मुळीच तयार नव्हतीस हे मला माहीत आहे. आपलं भांडण अर्धवट होतं आणि अर्धवट भांडण टाकून जाणं तुझ्या स्वभावात नव्हतं.

तुमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून तुला तुमच्या सोसायटीच्या फाटकातूनच निरोप दिला. तुझ्या लेकीने, सनाने, माझा हात धरला होता. खरं तर मी तिचा धरायला हवा होता. तुला काहीतरी सांगायचं असं घरून ठरवून निघाले होते, पण तेवढ्या माणसांत ते जमलं नाही. ते आता लिहून काढते आहे.

आपली गट्टी कशी जमली याचं शाळेत सगळ्यांना नवल वाटायचं. मी मराठीची, तू जीवशास्त्राची. मी मूर्धन्य ष कुठे आणि तालव्य श कुठे यावर तास घालवणार, तू बेडकाचं हृदय टेबलावर ठेवून मुलींना घाबरवणार. तुझे उत्क्रांतीचे तास मी फळा पुसायचं निमित्त करून मागच्या बाकावर बसून ऐकायची. दरवर्षी कुणीतरी एक तोच प्रश्न विचारायचं की माणूस माकडापासून झाला, तर ही बाकीची माकडं का उरली. दरवर्षी तू तितक्याच शांतपणे विचारायचीस, "तुझा चुलतभाऊ आहे का? मग तू झालास तेव्हा तो नाहीसा का नाही झाला?" वर्ग हसायचा. मग तू समजावायचीस की माकडं आपले आजोबा नव्हेत, चुलत घराणं आहे, आजोबा दोघांचे एकच. मला त्या उत्तराचा कधी कंटाळा आला नाही. तुला मात्र शेवटी शेवटी आला होता. घरी जाताना म्हणायचीस, शुभा, मी इतकी वर्षं एकाच पायरीवर उभी आहे गं.

आणि आपले गणिताचे सर. त्यांनी एकदा शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, चहाचा कप हातात धरून तुला विचारलं की मॅडम, हे माणूस कसा झाला वगैरे, तुमच्यात चालतं का हो? तू डबा बंद केलास आणि म्हणालीस, "आमच्यात म्हणजे जीवशास्त्राच्या शिक्षकांत? चालतं की." सरांनी चहा संपवला आणि वर्गावर गेले. मी पुण्यात जन्मले, वाढले, पण इतक्या स्वच्छ आवाजातला टोमणा दुसरा ऐकला नाही.

तोच प्रश्न पुढे मीही विचारला, पण आपण जवळच्या झाल्यावर, तुझ्या स्वयंपाकघरात, तू रोज्याच्या दिवशी माझ्यासाठी चहा टाकत असताना. तू रागावली नाहीस. म्हणालीस, वर्गात मी नमाज पढत नाही आणि नमाज पढताना शिकवत नाही, खोटं मात्र दोन्हीकडे बोलत नाही. एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही. आज वाटतं विचारायला हवं होतं, त्या दोन्हींच्या मध्ये काय होतं ते. तू सांगितलं असतंस. आता ते राहिलं.

निवृत्तीनंतर तू पुस्तकाचं काढलंस. मुलांसाठी, मराठीत, उत्क्रांतीच्या पुराव्यांचं. विज्ञान तुझं, भाषा माझी. तू एक नियम घातलास आणि त्या नियमाने मला पार दमवलं: पानाला एक पुरावा, आणि पुण्यातलं मूल ज्याला हात लावू शकत नाही किंवा स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकत नाही, तो पुरावा पुस्तकात नाही. मी म्हटलं, मग जीवाश्म? सगळी पुस्तकं दगडातल्या हाडांपासून सुरू होतात. तू खिडकीतून टेकडीकडे बोट दाखवलंस. हा सगळा लाव्हा आहे, म्हणालीस, थिजलेला. यात कोण टिकणार? पुण्याच्या मुलाला दगडात शोध म्हणायचं म्हणजे त्याची थट्टा आहे. त्याला त्याच्याच अंगात शोधू दे.

मग आपण अंगात शोधलं. थंडीत अंगावर काटा येतो ते पान आठव. मांजर घाबरलं की फुलतं, मोठं दिसतं. आपल्याकडे फुलवायला केस उरले नाहीत, पण कातडी अजून तो उद्योग करते. त्या पानासाठी तू मला पंख्याखाली ओला टॉवेल खांद्यावर टाकून बसवलंस आणि भिंग घेऊन बघत राहिलीस. मला सर्दी झाली. पान मात्र चांगलं झालं.

अजगरासाठी आपण कात्रजच्या सर्पोद्यानात गेलो. अजगराला शेपटीजवळ दोन बाजूंना दोन बारीक नखं असतात, त्याच्या पूर्वजांच्या मागच्या पायांची शिल्लक. ती पोटाच्या बाजूने दिसतात, आणि अजगर काही केल्या हलेना. शाळांच्या सहली आल्या आणि गेल्या. मी पाय दुखून खाली बसले. तू काचेसमोरून हलली नाहीस. शेवटी तो कंटाळून काचेवर चढला आणि ती नखं दिसली, ज्वारीच्या दाण्याएवढी. माझ्या शेजारी उभी असलेली एक अनोळखी बाई तिच्या मुलीला म्हणाली, अगं बघ, त्याला पाय होते! तू माझ्याकडे वळून बघितलंस. ते बघणं मी विसरणार नाही. मी त्या पानावर 'निरुपयोगी अवयव' असं लिहिलं, तर तू खोडलंस. निरुपयोगी कोण ठरवणार, म्हणालीस. नराला त्यांचा थोडा उपयोग होतो. 'उरलेला' म्हण. मी मराठीची बाई, आणि शब्द तू दुरुस्त करायचीस.

आपलं खरं भांडण झालं ते माकडहाडावरून. पाठीच्या कण्याच्या टोकाला असलेलं ते हाड, शेपटीचा बुंधा. जगातल्या कुठल्या भाषेत त्याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण मराठीत साध्यासुध्या बायासुद्धा 'न्हाणीत पडले, माकडहाड दुखतंय' म्हणतात. मी तर हरखले होते. म्हटलं, आपल्या भाषेला आधीच ठाऊक होतं, हेच पहिलं पान घे. तू नाही म्हणालीस. त्या शब्दाने पुन्हा तोच घोळ होईल, माकडाचं हाड माणसात आलं म्हणून. 'शेपूटहाड' लिही. मी म्हटलं, असा शब्द नाही. तू म्हणालीस, मग तू कशाला आहेस? आपण चार दिवस बोललो नाही. मग गणिताचे सर स्कूटरवरून पडले. मी त्यांना भेटून आले आणि तुला फोन करून सांगितलं की सर उशीवर बसलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतायत, माकडहाडाला मार बसलाय. तू इतकी हसलीस की फोन हातातून पडला तुझ्या. पण शब्द मान्य केला नाहीस. त्या पानावर अजून दोन्ही शब्द आहेत, मधे तिरकी रेघ मारून.

पुस्तकाच्या नावाचंही तेच. मी 'उत्क्रांतिवादाचे पुरावे' लिहिलं होतं, कोशात आहे तसं. तुला तो 'वाद' सहन व्हायचा नाही. लोकांना वाटतं वाद आहे म्हणजे अजून निकाल लागायचाय, असं तुझं म्हणणं. मी सांगत राहिले की इथे वाद म्हणजे सिद्धांत. तू विचारलंस, मग गुरुत्वाकर्षणवाद का नाही म्हणत? शेवटी नावातला तो 'वाद' काढून तुझ्या म्हणण्यासारखं केलं आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं.

आता त्या नसेचं सांगते, जिच्यावर सगळं अडलं आहे.

तुला आठवतं, ती नस मला तू पहिल्यांदा दाखवलीस ती बोकडात. ईदनंतर तू श्वासनळी, फुप्फुसं आणि हृदय न तोडता एकसंध काढून घेतलं होतंस आणि मला बोलावलंस. मी अंडंसुद्धा न खाणारी, नाकाला पदर लावून तुझ्या ओट्याशी उभी. तू चिमट्याने एक पांढरा दोरा उचललास. मेंदूकडून निघालेली नस, म्हणालीस, जायचंय स्वरयंत्राला, म्हणजे इथे, अगदी शेजारी. पण ती थेट जात नाही. मान उतरून खाली छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला खालून वळसा घालते आणि तीच मान पुन्हा चढून वर येते. इतक्या जवळच्या घरी जायला इतका लांबचा फेरा का? कारण माशात ती सरळ होती. माशाला मान नसते, हृदय डोक्यामागेच असतं, नस त्या धमनीच्या मागून कल्ल्याकडे जायची. पुढे मान आली, हृदय खाली सरकलं आणि धमनीमागे अडकलेली नस तिच्यासोबत ओढली गेली. कुणी नव्याने आखलं असतं तर सरळ नेली असती. ज्याला जुन्यातूनच नवं करायचं असतं त्याची अशी गत होते, म्हणालीस. माणसातही अगदी हेच. परदेशी पुस्तकांत यासाठी जिराफ असतो, तू म्हणालीस आपल्याला बोकड पुरे.

तरी ती नस पुस्तकात आली नाही. नियम तुझाच. मूल तिला हात कसा लावणार?

आणि मग दिवाळीच्या सुमारास तुझा आवाज बसला. शिक्षकांचा गळा, आयुष्यभर ओरडून काय होणार, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. हळदीच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. शेवटी आपण डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी नाकातून कॅमेरा घालून पाहिलं आणि म्हणाले, डावा स्वरतंतू हलत नाही, छातीचं स्कॅन करून घ्या. मी चिडले. दुखणं गळ्याचं आणि तपासणी छातीची कशाला, असं मी त्यांना विचारलं. ते काही सांगणार तेवढ्यात तू माझ्या मनगटावर हात ठेवलास.

बाहेर बाकावर आपण बसलो. तू बोट गळ्यावर ठेवलंस, तिथून डाव्या बाजूने खाली छातीपर्यंत आणलंस, तिथे अर्धगोल काढलास आणि पुन्हा वर नेलंस. ओढणीवर थोडा वेळ त्याची घडी राहिली. "बोकड आठवतो ना, शुभा? तिथे खाली काहीतरी दाबतंय तिला." रिपोर्ट यायचा होता अजून. तुला त्याची गरजच नव्हती. आणि मला राग कशाचा आला सांगू? वर्गात एखाद्याने बरोबर उत्तर दिलं की तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं ना, ते त्या क्षणी आलं होतं. मी बाजूला डॉक्टरांची चिठ्ठी धरून बसले होते आणि तुला पुरावा सापडला होता.

घरी आल्यावर तू तेच बोललीस. आता घेऊ ती नस, शेवटच्या पानावर. आता मुलांना ऐकू येते ती, माझ्या आवाजात. मी म्हटलं शक्य नाही. मुलांच्या पुस्तकात आजार नको, आणि तुझा तर नकोच. तू काही बाटलीत ठेवलेला नमुना नाहीस. तू घोगऱ्या आवाजात म्हणालीस, जन्मभर उदाहरणं दिली, आता एकदा होऊन बघते, त्यात काय बिघडलं? मी उठून गेले. उपचार सुरू झाले, केस गेले, वजन गेलं, आणि हे भांडण मात्र तब्येतीने चालू राहिलं. एका दुपारी मी त्या नसेलाच शिव्या दिल्या. वेडीवाकडी, म्हटलं, सरळ जाता येत नव्हतं मेलीला? तू बराच वेळ श्वास गोळा केलास. मग म्हणालीस, ती सरळ गेली असती तर मला खोकला लागेपर्यंत कळलंच नसतं. जे काही महिने मिळाले ते तिच्या वळशाने दिले. आभार मान तिचे.

मी मानले नाहीत. आज मानते. तेवढ्या महिन्यांत आपण किती पानं पुरी केली, सना किती वेळा सुट्टी काढून तुझ्याजवळ बसली. तू मला शेपूटहाड म्हणायला जवळजवळ लावलंस.

शेवटी तुझा आवाज गेलाच, नुसता श्वास उरला. त्या दिवशी तू मला जवळ बोलावलंस आणि श्वासावर बोललीस. "नाव घाल. 'एक बाई' म्हणून लिहिलंस तर याद राख." मी म्हटलं, बघते. तुझ्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द 'बघते' आहे, रेहाना, आणि तो मला पुरला आहे.

परवा मी लिहायला बसले. का, ते विचारू नकोस. तू जिंकलीस असंही समजू नकोस, मला अजूनही वाटतं की मुलांच्या पुस्तकात मरण नको. मरण घेतलंच नाही मी. एवढंच लिहिलं की रेहाना नावाच्या एक शिक्षिका होत्या, त्यांचा आवाज बसला तेव्हा डॉक्टरांनी त्यांची छाती तपासायला सांगितली, आणि का सांगितली. तुझ्या नियमासाठी सुरुवात अशी केली: गळ्यावर बोटं ठेव आणि आपलं नाव मोठ्याने म्हण. जे थरथरतं त्याला हलवणारी नस तुझ्या छातीतून फिरून आली आहे. आणि शेवट असा केला: ही नस रेहानाला तिच्या आईकडून मिळाली, तिच्या आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून, आणि असं मागे मागे जात राहिलं तर माणूस संपतो, शेपटी सुरू होते, मग चार पाय, मग पाणी, आणि पाण्यात एक मासा, ज्याच्यात ती सरळ होती.

छापायला देण्याआधी सनाला दाखवणं भाग होतं. आई तिची. रविवारी तिच्याकडे गेले. तुझ्या खुर्चीवर ती बसली होती, ऑफिसचा लॅपटॉप उघडाच. मी कागद दिला आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. तिने नको म्हटलं असतं तर मी पान फाडून प्रकाशकांना पुस्तक आहे तसं छापा म्हणणार होते. आतून मला तिचा आवाज आला, एकच शब्द, "सना." मी दारात आले. तिची बोटं गळ्यावर होती.

तिने पुढचं मनात वाचलं. मग कागद मांडीवर ठेवला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मावशी, चांगलं लिहिलंय," ती म्हणाली, "पण सॉरी, इनकम्प्लीट वाटतंय मला. तुम्ही अम्मीपासून सगळं मागेच नेलंत."

मी म्हटलं, पुरावा मागेच असतो गं.

"हो, पण माझ्यात आहे ना ती," सना म्हणाली.

माझ्या हातातलं पेन तिनेच घेतलं. 'ही नस रेहानाला तिच्या आईकडून मिळाली' याच्या पुढे, माझ्या सुबक ओळींमध्ये, तिच्या इंग्रजी शाळेतल्या वाकड्या मराठी अक्षरात तिने लिहिलं: 'आणि रेहानाकडून मला.' शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत त्यात. मी त्या तशाच ठेवल्या आणि पान पाठवून दिलं.